चालवत न्यायची, चालवत आणायची

माझ्या गॅरेजचा एक नियम आहे. स्पर्धेला गाडी ट्रेलरवर चढवून न्यायची नाही. सातिवलीहून निघायचं ते चालवत, आणि निकाल काहीही लागो, परत यायचं तेही चालवत. ड्रॅग रेस खेळणाऱ्या मित्रांना हा निव्वळ हट्ट वाटतो. ट्रेलरचे पैसे नव्हते म्हणून तत्त्व काढलं, असंही काही जण म्हणतात. सुरुवातीला ते खरंच होतं. पुढे दोन पैसे आले तरी नियम मोडला नाही, कारण गाडी कशी बांधायची याबद्दल मला जे काही कळलंय त्यातलं बरंचसं या नियमानेच शिकवलं.

माझा गाळा सातिवलीत आहे, वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, महामार्गाच्या अलीकडे. गोखिवरे, वालीव, सातिवली ही गावं गाळ्यांच्या रांगांनी एकमेकांत इतकी मिसळली आहेत की कुठलं कुठे संपतं ते रिक्षावाल्यालाच ठाऊक. बाहेरच्या माणसाला इथे खड्डे, टेम्पो आणि पावसाळ्यात साचलेलं पाणी दिसतं. मला दिसतो तो गाडी बांधायचा अख्खा कारखाना. छत एक नाही, मालक एक नाही, इतकंच. एका गल्लीत लेथ, दुसरीत लेझर कटिंग, पलीकडे व्हीएमसी मशीन, कोपऱ्यावर ॲल्युमिनियमला आरगॉन वेल्डिंग करणारा, मागच्या बाजूला पावडर कोटिंगची भट्टी. परदेशातल्या हौशी लोकांना जो ब्रॅकेट महिनाभर वाट पाहून पोस्टाने मागवावा लागतो, तो मी सकाळी पुठ्ठ्यावर कापून दाखवतो आणि संध्याकाळी गाडीला बसवतो.

ही माणसं गाड्यांची नाहीत. लेथवाले उस्ताद पंपांचे शाफ्ट करतात, वेल्डर औषध कंपन्यांच्या टाक्या जोडतो. पहिल्यांदा मी इंजिनाचं हेड घेऊन गेलो तेव्हा उस्तादांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "किती थाऊ काढायचे?" म्हणजे इंचाचे हजारावे भाग किती. हेडला फेस मारला की ज्वलनाची जागा लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं, ताकद वाढते. प्रमाणाबाहेर मारला तर इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटतं, आणि पिस्टनला भोक पडतं. उस्तादांना नॉकिंगशी देणंघेणं नव्हतं, पण सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा थाऊही जास्त गेला नाही. गाडी बांधणारा म्हणून माझं नाव होतं. खरं तर माझं काम बरंचसं सांगायचं आणि जुळवायचं आहे. माप हातात असलेली माणसं शेजारच्या गाळ्यांत बसलेली आहेत.

माझी गाडी होंडा सिटी व्हीटेक. जुनी, चौकोनी चेहऱ्याची, पहिल्या पिढीतली. नंबर एमएच-०४चा, कारण तिची नोंदणी झाली तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. आता आजूबाजूच्या गाड्यांवर एमएच-४८ दिसतं. हिची पंधरा वर्षं कधीच उलटली, पुनर्नोंदणी झाली, हरित कर भरला. लोक विचारतात, इतक्या नव्या गाड्या असताना हीच का? दीड लिटरचं इंजिन, कंपनीने दिलेली १०६ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम टनभर. व्हीटेकची गंमत अशी की ठरावीक आरपीएमच्या वर गेलं की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि इनटेकचे व्हॉल्व्ह जास्त उंच, जास्त वेळ उघडे राहतात. बाजारात भाजी आणायला जाताना ही शांत घरगुती गाडी असते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला की तिचा आवाज आणि स्वभाव दोन्ही बदलतात. आमच्या पिढीतल्या पुष्कळ ट्यूनरांनी शिक्षण घेतलं ते याच इंजिनावर आणि मारुतीच्या एस्टीम-जिप्सीच्या इंजिनांवर. सामान मिळायचं, आणि बिघडलं तर उघडून पाहायची भीती वाटत नव्हती.

गॅरेजमध्ये येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एक आकडा घेऊन येतं. "दादा, दीडशे एचपी काढून द्याल?" डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी बांधायची, चाकं फिरवायची, कागदावर आकडा छापून घ्यायचा आणि तो मित्रांना दाखवायचा. यात वाईट काही नाही. पण डायनोवर गाडी पट्ट्याने बांधलेली असते. तिला जागेवरून सुटायचं नसतं, वळायचं नसतं, थांबायचं नसतं. पंखा समोर लावलेला असतो. स्पर्धेत उतरलं की कळतं, ताकद ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. ती रस्त्यावर उतरवणं अवघड.

ड्रॅग रेसचं गणित वरवर पाहता पोरखेळ आहे. सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी. दिवे लागतात, गाडी सोडायची, शेवटापर्यंत दाबायची. आमची सिटी पुढच्या चाकांवर चालते. गाडी जोरात सुटते तेव्हा वजन मागे जातं, म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावरचाच भार कमी होतो. चाकं जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, प्रेक्षक ओरडतात आणि वेळ वाया जातो. म्हणून मी मागचं सस्पेन्शन कडक केलं, गाडीचं नाक वर उचललं जाऊ नये म्हणून. पुढच्या टायरमधली हवा कमी केली, क्लच किती आरपीएमला सोडायचा ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पहिल्या साठ फुटांत जे कमावता येतं ते पुढच्या साधारण ३८० मीटरमध्ये ताकद वाढवून मिळत नाही. वेळेच्या पावतीवर साठ फुटांचा आकडा वेगळा छापलेला असतो. मी आधी तो वाचतो, शेवटचा वेग नंतर.

याच प्रयोगांत इंजिन माउंटची गोष्ट घडली. गाडी सुटताना इंजिन आपल्या जागी झटका घेतं. माउंटचं रबर मऊ असेल तर तो झटका तिथेच जिरतो, चाकांपर्यंत उशिरा पोचतो आणि गिअर घालताना अडखळतो. उस्तादांकडून कडक नायलॉनचे बुश कातून घेतले, चारही ठिकाणी बसवले. पट्टीवर गाडी बाणासारखी सुटू लागली, वेळ सुधारली. परतीच्या रस्त्यावर मात्र डॅशबोर्डपासून दातांपर्यंत सगळं थरथरत होतं. दुसऱ्या दिवशी आईला स्टेशनवर सोडायला निघालो. ती सिग्नलवर म्हणाली, "ही गाडी आहे की पिठाची गिरणी?" ट्रेलरवाला असतो तर मी ते बुश तसेच ठेवले असते. आता पुढचा-मागचा झटका पेलणाऱ्या दोन जागी कडक बुश आहेत आणि बाकी दोन जागी कंपनीचं रबर. वेळेत जो किंचित फरक पडला तो दुसरीकडून भरून काढला. माझ्या गाडीतली बहुतेक सगळी कामं अशीच, आईच्या सीटवर बसून तपासलेली आहेत.

स्पर्धेची पट्टी म्हणजे लोणावळ्याच्या पलीकडे, अ‍ॅम्बी व्हॅलीतली विमानांची धावपट्टी. तिथे व्हॅली रन नावाची ड्रॅग स्पर्धा भरते आणि देशभरातून गाड्या-बाइक येतात. सातिवलीहून तिथे जायचं तर आधी महामार्ग, मग वर्सोवा पूल, घोडबंदर, ठाणे, पनवेल आणि घाट. ज्यांना रेसिंग म्हणजे वेग वाटतो त्यांनी एकदा शनिवारी सकाळी रेससाठी ट्यून केलेली गाडी गायमुखच्या चढावर कंटेनरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगवून पाहावी. पंधरा-सोळा सेकंदांच्या खेळासाठी तासभर गर्दी. इंजिनाचं तापमान चढत जातं, हवा नाही, क्लच अर्धा दाबलेला. माझा मोठा रेडिएटर आणि दुसरा पंखा रेससाठी नाहीतच, ते गायमुखसाठी आहेत. पट्टीवर इंजिनाला गरम व्हायलाही वेळ मिळत नाही.

घाट चढलं की आणखी एक हिशोब लागतो. सातिवली जवळपास समुद्रसपाटीला आणि लोणावळ्याचा डोंगरपट्टा सहाशे मीटरच्या वर. हवा विरळ झाली की टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं. म्हणजे वसईत जेवढी ताकद होती तिच्यातली सहा-सात टक्के घाटालाच देऊन टाकायची. हवा कमी म्हणून पेट्रोलही तेवढंच कमी लागतं. ते प्रमाण चुकलं तर गाडी धूर ओकते आणि जड चालते. पूर्ण दाबल्यावर हवा आणि पेट्रोल साडेबारा-तेरा भागांना एक या प्रमाणात जळावं अशी माझी खटपट असते. एक्झॉस्टमध्ये बसवलेला वाइडबँड सेन्सर ते प्रमाण दाखवतो. म्हणून घाट चढताना मी त्याच्या काट्याकडे जितकं बघतो तितकं धबधब्यांकडे बघत नाही.

पेट्रोलचंही तसंच. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२०मध्ये बाजारात आणलं तेव्हा आमच्या वर्तुळात दिवाळी होती. ऑक्टेन जास्त म्हणजे नॉक न होता कॉम्प्रेशन वाढवता येतं. पण ते प्रत्येक पंपावर नसतं. परतताना रात्री खोपोलीला किंवा घोडबंदरला जे साधं पेट्रोल मिळेल त्यावर गाडीने घरी यायला हवं. मग कॉम्प्रेशन किती वाढवायचं ते कोण ठरवणार? तो रात्रीचा पंपच ठरवतो. आता साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल जळायला हवा कमी घेतं, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. मी गाडीच्या सगळ्या पेट्रोलच्या नळ्या बदलल्या आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, पेट्रोलच्या प्रमाणाचे दोन नकाशे ठेवले, एक पट्टीचा, एक रस्त्याचा. रस्त्याचा नकाशा बनवायला जास्त वेळ लागला.

धावपट्टीवर पोचल्यावर जॅक लावायचा, रस्त्याचा सायलेन्सर उतरवून डिकीतला सरळ पाइप चढवायचा, मागची सीट आणि स्टेपनी काढून ठेवायची. तपासणीवाले हेल्मेट पाहतात, बॅटरी घट्ट बांधली आहे का, तेल गळतंय का ते पाहतात. नंतर रांग. रांगेत शेजारी कोण उभं आहे यावर छातीचे ठोके अवलंबून असतात. एखाद्या वेळी बाजूला परदेशी गाडी येते, तिच्या टायरची किंमत माझ्या अख्ख्या इंजिनाएवढी. पण आमचा वर्ग वेगळा असतो आणि शर्यत त्या वर्गातल्या लोकांशी.

इथे एक गंमत नवख्यांना समजावून सांगावी लागते. गाडीची वेळ हिरवा दिवा लागल्यापासून मोजत नाहीत. गाडी किरणांची रेघ सोडते तेव्हापासून मोजतात. म्हणजे दिवा लागल्यावर तुम्ही अर्धा सेकंद झोपा काढलीत तरी तुमची वेळ उत्तम येऊ शकते, आणि तरी शेजारचा आधी पोचून शर्यत जिंकतो. गाडीची पावती एक आणि माणसाची दुसरी. बांधणारा आणि चालवणारा वेगळे असते तर दोघांनी एकमेकांवर ढकललं असतं. मला ती सोय नाही. साठ फुटांचा आकडा वाईट असेल तर टायर किंवा पाय, प्रतिसादाचा आकडा वाईट असेल तर मी. वर्कशॉपमध्ये चार लोकांपुढे मी छातीठोकपणे जे सांगतो ते खरं की खोटं, हे हातभर कागदावर छापून येतं. म्हणूनच स्वतः बांधलेल्या गाडीत बसायची मला चटक लागली. गिऱ्हाइकाची गाडी चालली तर तो खूश. माझी चालली नाही तर का नाही चालली हे मला कळतं, आणि त्यातलं शहाणपण पुढच्या गिऱ्हाइकाच्या कामात उतरतं.

आपल्याकडे स्वतः गाडी बांधण्याची परंपरा नाही असं लोक समजतात. पण इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४०च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली, सुधारली, पुन्हा घडवली. ती विक्रीला कधी आली नाही, पण गाडी म्हणून धावली. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००च्या सामानावर एका सीटची फॉर्म्युला मारुती उभी केली आणि भारतातल्या कितीतरी ड्रायव्हरांना परवडणारी रेसिंग कार मिळाली. १९९५मध्ये विमान अपघातात ते गेले. कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचं. या दोघांकडे पाहिलं की माझ्या कामाला मी फार मोठं नाव देत नाही. त्यांनी गाडी नव्याने घडवली, मी आहे तीच समजून घेतो.

कायद्याचं बोलल्याशिवाय हे लिखाण खोटं ठरेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपलीकडे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंड वाढले. आमचा धंदा या रेघेच्या अगदी कडेने चालतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्याकडे येणाऱ्याला मी आधीच सांगतो: बॉडी कापणार नाही, दुसरं मोठं इंजिन चोरून बसवणार नाही, आरसीवर नोंद होऊ शकत नसेल ते काम घेणार नाही, पीयूसीला उभी राहणार नाही अशी गाडी गाळ्याबाहेर पाठवणार नाही. आवाजासाठी येणारी मुलं यावर परत जातात. जाऊ देत.

त्याहून कडक बोलतो ते रस्त्यावर रेस लावणाऱ्यांशी. महामार्ग माझ्या गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर. रात्री तिथे दोन गाड्या एकमेकींना खुणावतात, हे मी लहानपणापासून पाहतोय. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं कलम १८९खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मुलांना हा दंड फारसा भिववत नाही. मी त्यांना विम्याचा कागद वाचायला देतो. शर्यत किंवा वेगाची चाचणी चालू असताना झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. समोरच्या टेम्पोवाल्याचं घर कोण चालवणार, असं विचारलं की गप्प होतात. पट्टीवर तर समोरून कोणी येत नाही, कुत्रं आडवं जात नाही, कडेला अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते.

अमेरिकेत हाच प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं रस्त्यावर आणि वाळलेल्या सरोवरांच्या तळावर गाड्या उडवत होती. वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये एनएचआरए ही संघटना काढली, नियम केले आणि शर्यती रस्त्यावरून उचलून ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर नेल्या. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कित्येक वर्षं शर्यती झाल्या. पुढे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा इथे सर्किट झाली. वसईच्या मुलाला यातलं काहीच जवळ नाही. धावपट्टी मिळते ती वर्षातले मोजके दिवस, आणि महामार्ग मात्र रोज रात्री मोकळा. पोलिसांनी पकडावंच, पण पकडलेल्या मुलाला "तिकडे जा" म्हणून दाखवायला एक जागाही हवी. पालघर जिल्ह्यात चारशे मीटर सरळ डांबर, पुढे थांबायला तेवढीच जागा आणि वेळ मोजायचं यंत्र उभं करणं एखाद्या उड्डाणपुलाच्या मानाने काहीच नाही.

हल्ली एक प्रश्न रोज ऐकतो: "दादा, आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, तुमचं काय?" रास्त प्रश्न आहे. चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ शोरूममधून निघते तशीच शून्यावरून शंभरला ६.७ सेकंदांत जाते असं कंपनी सांगते. माझी सिटी नवी असताना तिला दहा-अकरा लागायचे. वर्षानुवर्षं हेड, कॅम, एक्झॉस्ट, बुश यांच्यावर घासून मी जे मिळवलं ते ती गाडी एसी लावून, गाणी ऐकत करते. त्या गाडीत मीही बसून पाहिलं. धक्का खरोखर जबरदस्त होता. खाली उतरून पहिली चौकशी केली ती टायरची, दुसरी ब्रेकच्या लायनिंगची, आणि तिसरी अशी की सलग चार वेळा अशी पळवली तर बॅटरी किती तापते. सेल्समनला तिसरं उत्तर ठाऊक नव्हतं. मला तिथे काम दिसलं. वजन कुठे जातं, पकड कुठे सुटते, उष्णता कुठे अडकते, हे प्रश्न पेट्रोलवर अवलंबून नाहीत.

गाळ्यात सध्या दोन मुलं शिकायला आहेत. दोघांनाही लॅपटॉप माझ्यापेक्षा चांगला येतो, त्यामुळे नकाशा लिहायचं काम मी त्यांच्यावर सोडलंय. स्वतःची गाडी पट्टीवर उतरवायची दोघांचीही इच्छा आहे. एकाकडे वडिलांची स्विफ्ट आहे, दुसऱ्याने पैसे साठवून जुनी पालिओ घेतली आहे. ताकद किती काढायची हे त्यांचं त्यांनी ठरवावं, मी विचारणार नाही. अट एकच घातली आहे: जी गाडी रविवारी पट्टीवर पळवणार, तीच सोमवारी सकाळी कामावर घेऊन यायची, आणि घोडबंदरला अडकून उशीर झाला तर अर्धा दिवस कापणार.